मांडीचा सातबारा

कुत्रा पाळावा की पाळू नये, हा प्रश्न आमच्या लहानपणी कोणत्याही सुस्थिर मराठी घरात उपस्थित होत नसे. कारण त्या काळी कुत्रा कोणी पाळीत नसे, तो आपण होऊन राहत असे. वाड्याच्या अंगणात तो केव्हा येऊन बसला, मोती हे नाव त्याला कोणी दिले आणि रात्रीच्या उरलेल्या भाकरीवरचा त्याचा हक्क कोणत्या साली शाबीत झाला, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडली नसती. परंतु त्याची हद्द कोठे संपते हे घरातल्या सर्वांना, आणि सर्वांहून अधिक त्याला स्वतःला, पक्के ठाऊक असे. ती हद्द म्हणजे उंबरठा. उंबरठ्याबाहेरचे जग मोतीचे, आतले आमचे. मधल्या चार अंगुळे लाकडावर तो फार तर हनुवटी टेकवी, आणि आजीने माजघरातून नुसते "हं" म्हटले की ती हनुवटीही मुकाट्याने मागे घेतली जाई.

आमच्या परंपरेने श्वानाला कमी लेखले, असे मात्र कोणी म्हणू नये. दत्तात्रेयांच्या तसबिरीत चार श्वान आहेत आणि ते चार वेदांचे प्रतीक मानले जातात; खंडोबाच्या घोड्याबरोबर श्वान धावतो आहे; धर्मराजाने स्वर्गाच्या दारात उभे राहून, सोबत चालत आलेल्या कुत्र्याला टाकून आत पाऊल ठेवण्यास नकार दिला; आणि कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा तर आम्हांला मुळाक्षरांच्या आधी येत होती. तथापि या सर्व पुण्यश्लोक श्वानांची स्थाने बारकाईने तपासली असता असे आढळून येते की, दत्तगुरूंचे श्वान पायांशी आहेत, खंडोबाचा घोड्याच्या बाजूला आहे, धर्मराजाचा पाठीमागे आहे आणि नामदेवांचा पुष्कळ पुढे आहे. मांडीवर बसलेला श्वान पुराणात नाही, बखरीत नाही, संतचरित्रातही नाही. मांडीवरचा कुत्रा ही वस्तू आमच्या समाजात कोणत्याही पूर्वाधाराविना शिरली, आणि गेल्या एप्रिलमध्ये ती थेट माझ्या घरात शिरू पाहत होती, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे घर म्हणजे नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची साडेआठशे चौरस फुटांची मिळकत. तिच्या चतुःसीमा सांगायच्या तर पूर्वेस जिना, पश्चिमेस नळाच्या पाण्याची टाकी, दक्षिणेस शेजाऱ्यांचे चपलांचे कपाट आणि उत्तरेस आकाश. अंगण नाही. जुन्या काळी कुत्र्याला आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा, असा प्रश्न आला की अंगण हे तडजोडीचे उत्तर तयार असे. आता ते उत्तर बिल्डरने गिळले असल्यामुळे कुत्रा एक तर पूर्ण बाहेर, म्हणजे शेजाऱ्यांच्या पायपुसण्यावर, किंवा पूर्ण आत, म्हणजे आमच्या पलंगावर, अशा दोनच शक्यता शिल्लक राहिल्या आहेत.

या मिळकतीत सहा माणसे राहतात: माझ्या मातोश्री, वय चौऱ्याऐंशी, सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई, नऊ वर्षांची नात, आणि मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालेला मी. शाळेला सुट्टी लागली त्याच दिवशी नातीने चौकटीच्या वहीचा कागद फाडून माझ्यापुढे रीतसर अर्ज ठेवला. "माननीय आजोबा यांस" असा मायना होता, विषय "कुत्रा मिळणेबाबत" असा होता, आणि खाली कारणे क्रमवार दिलेली होती: एक, तो लहान आहे, दोन, तो फार भुंकत नाही, तीन, त्याचे केस गळत नाहीत, चार, मी त्याचे सगळे करीन. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून हजारो अर्ज गेले, परंतु इतका सुवाच्य आणि इतका धोकादायक अर्ज मी पाहिला नव्हता. चौथे कारण तर आमच्या घरी पूर्वी दोनदा दाखल झालेले होते. माशांची पेटी आणि सतार या दोन्ही प्रकरणांत ते मंजूरही झाले होते. त्यांपैकी मासे आता नाहीत आणि सतार माळ्यावर आहे.

अर्जात जातीचे नाव होते शिह त्झू. ते मी मोठ्याने वाचले मात्र, मातोश्रींनी वाती वळता वळता मान वर केली.

"काय म्हणालास?"

"शिह त्झू, आई."

"शी काय, थू काय! अरे, नावातच दोन्ही आलं, तर मग घरात आणून वेगळं काय करणार आहे तो?"

ही पहिली हरकत. ती नोंदवून घेतली, आणि सवयीनुसार एक कोरी फाइल काढून तिच्यावर "श्वान प्रकरण" असे लिहून टाकले. घरातली मंडळी हसली. परंतु माझा अनुभव असा की, ज्या निर्णयाची फाइल नसते तो निर्णय अखेरीस जो सर्वांत मोठ्याने बोलतो तो घेतो, आणि आमच्या घरात मोठ्याने बोलणारांची कधीच वाण नव्हती.

चौकशीच्या आरंभी इतर उमेदवारांचाही विचार करणे न्यायाचे होते. सौभाग्यवतींचा कल पामेरियनकडे होता, कारण त्यांच्या माहेरी तसा एक पांढराशुभ्र झुबकेदार प्राणी होता आणि माहेरचे जे जे ते ते निर्दोष, हा सिद्धान्त सर्वमान्य आहे. आमच्या पिढीला ज्ञात असलेले बहुतेक सारे पामेरियन हे पामेरियन नव्हतेच, ते भारतीय स्पिट्झ या वेगळ्या आणि अधिक काटक जातीचे होते, हे मला चौकशीतच कळले. १९९४च्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटात क्रिकेटचा पंच होऊन निकाल देणारा तो विख्यात टफीही त्याच जातीचा. खरा पामेरियन बाल्टिक किनाऱ्यावरच्या प्रदेशाचे नाव लावतो, वजनाने दोन-तीन किलोंच्या आत भरतो, आणि आवाजाने मात्र आपल्या मूळ स्लेज ओढणाऱ्या पूर्वजांइतका असतो. ही माहिती मी सौभाग्यवतींना सांगितली, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "म्हणजे आमच्या बाबांना कुत्र्याची जात कळत नव्हती, असं म्हणायचंय का तुम्हांला?" पामेरियनचे प्रकरण मी तेथेच दप्तरदाखल केले.

चिरंजीवांना पग हवा होता. २००३च्या सुमारास दूरचित्रवाणीवर एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका मुलाच्या मागे मागे सर्वत्र जात असे, आणि त्या जाहिरातीनंतर आपल्या शहरांतून या चिंतातुर मुद्रेच्या कुत्र्याला जी मागणी आली ती अनेकांच्या स्मरणात असेल. कपाळावर आठ्या, डोळ्यांत कारुण्य आणि श्वासात सततची घरघर, असे हे व्यक्तिमत्त्व. कचेरीत मार्चअखेरीस आम्ही सगळेच तसे दिसत असू. सूनबाईंनी डॅशहुंड सुचवला. तो जर्मनीत बिळातल्या बिज्जूचा पाठलाग करण्यासाठी तयार केलेला, पाठीने लांब आणि पायांनी आखूड. त्या लांब पाठीचे मणके चढउताराने दुखावण्याची भीती असते, आणि आमच्या इमारतीत लिफ्ट नसून छत्तीस पायऱ्या आहेत. त्याला रोज चार वेळा कडेवर घेऊन उतरायचे म्हणजे कुत्रा फिरवण्याऐवजी कुत्र्याने आपल्याला फिरवण्यासारखे होते.

राहता राहिला अर्जातला मूळ उमेदवार. त्याची वंशावळ तपासली आणि मी चकित झालो. चिनी भाषेत शिह त्झू म्हणजे सिंह. तिबेटातल्या बौद्ध परंपरेत सिंहाला मोठा मान. मंजुश्री बोधिसत्त्वाचे वाहनच सिंह. आणि खरा सिंह घरात ठेवणे कोणत्याही काळी गैरसोयीचे असल्यामुळे, सिंहासारखी आयाळ असलेला पण पाच-सात किलोंत आटोपणारा प्राणी राजप्रासादात जपला गेला. चीनच्या राजमाता त्सु-शी यांच्या पदरी असे श्वान होते. १९०८ साली त्या निवर्तल्या, पुढे साम्राज्यही गेले, आणि महालातले हे सिंह देशोधडीला लागले. १९३० साली काही इंग्लंडला पोचले, आणि आज जगभर पसरलेली ही सारी प्रजा अवघ्या चौदा मूळ श्वानांपासून झाली, असे या जातीचे अभ्यासक सांगतात. आमच्या समस्त ब्रह्मवृंदाचा विस्तार सप्तर्षी आणि अगस्ती अशा आठ गोत्रकर्त्यांपासून सांगतात. पण आम्ही निदान सगोत्र विवाह वर्ज्य मानला. इथे चौदाच घरे आणि सोयरीक आपसांत, तेव्हा मूत्रपिंडाचे, डोळ्यांचे वगैरे आनुवंशिक विकार वाट्याला आले यात नवल नाही. म्हणून पिल्लू घेताना त्याचे आईबाप पाहावेत, पशुवैद्याचा दाखला मागावा, आणि कोणी चार-पाच आठवड्यांचे पिल्लू टोपलीत घालून स्वस्तात देऊ लागला तर पायांत चपला घालाव्यात; कारण आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकण्यास २०१७च्या नियमांनी मनाई आहे. या सर्व इतिहासात एक गोष्ट मात्र माझ्या मनात रुतून बसली. या प्राण्याने कधी मेंढ्या राखल्या नाहीत, शिकार केली नाही, गाडी ओढली नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे एकच पद होते, आणि ते पद म्हणजे कोणाच्या तरी मांडीवर बसणे.

पुढची पायरी स्थळपाहणीची. कचेरीतील माझे एक जुने सहकारी इंदिरानगरात राहतात आणि त्यांच्याकडे चिकू नावाचा शिह त्झू आहे, असे कळले. आम्ही सहकुटुंब गेलो. चिकूचे मुख पाहून माझ्या तोंडून प्रथम शब्दच फुटेना. नाकापासून वरच्या दिशेने चहूकडे फाकलेले ते केस पाहून पाश्चात्त्य लोक त्याला शेवंतीमुखी का म्हणतात ते लक्षात आले. मातोश्री मात्र लगेच म्हणाल्या, "ही तर देवाला वाहायची शेवंती! हिला कोण शी-थू म्हणतं?" तो नर आहे असे सांगून पाहिले, पण चौऱ्याऐंशीव्या वर्षी लिंगभेदाच्या किरकोळ हरकती त्या विचारात घेत नाहीत.

सहकाऱ्यांचे जाबजबाब घेतले, ते असे. केस गळत नाहीत, हे नातीचे म्हणणे बव्हंशी खरे; परंतु जे गळत नाही ते वाढते, आणि जे वाढते ते गुंतते. त्याचे केस माणसासारखे वाढत राहतात, म्हणून रोज विंचरावे लागतात, महिन्या-दीड महिन्याने कातरावे लागतात, आणि डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून कपाळावर शेंडी बांधावी लागते. माझ्या स्वतःच्या मस्तकावर आता जी वनसंपदा उरली आहे ती पाहता, घरातला केशसंभाराचा खर्च प्रथमच माझ्याखेरीज दुसऱ्या नराच्या नावे पडणार होता. डोळे मोठे आणि बाहेर आलेले, त्यामुळे धूळ, काडी, नख यांपासून जपायचे आणि रोज कोमट पाण्याच्या बोळ्याने टिपायचे. कानांच्या लोंबत्या पाळ्यांखाली पावसाळ्यात ओल धरते, ते पुसायचे. गोचीड शोधायच्या, लसी टोचायच्या, महानगरपालिकेचा परवाना काढायचा. हे सारे तो माणूस इतक्या आनंदाने सांगत होता की, कचेरीत एका टिपणीवर सही करायला तीन दिवस घेणारा हाच का तो, अशी मला शंका आली.

आहाराच्या प्रकरणाने तर मातोश्रींचे मत पुरतेच फिरले. श्वानाला कांदा चालत नाही, लसूण चालत नाही. त्यांनी त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात. "म्हणजे चातुर्मास पाळतो की!" मातोश्री म्हणाल्या. चार महिनेच नव्हे, बाराही महिने, आणि उद्यापनाची सोय नाही. आमच्या घरात आषाढातली कांदेनवमी उलटली की तिसऱ्या दिवशी कांद्याच्या भज्यांची आठवण काढून उसासे टाकणारा माणूस मीच असल्यामुळे, सर्वांच्या नजरा चिकूवरून माझ्यावर आल्या. परंतु खरी अडचण पुढेच होती. द्राक्षे आणि बेदाणे श्वानाच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. आता नाशिकात राहायचे आणि द्राक्षांपासून दूर राहायचे, हे पंढरपुरात राहून बुक्क्यापासून दूर राहण्याइतके दुष्कर. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या घरी पाटीने द्राक्षे येतात, फरशीवर मणी घरंगळतात. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, आणि प्रसादाला नाही म्हणू नये अशी शिकवण असलेल्या घरात कुत्र्याला प्रसाद का नाही, हे प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगणारा एक स्वतंत्र कारकून नेमावा लागला असता.

उन्हाचा मुद्दा त्याहून गंभीर. माणसाला सर्वांगाला घाम येतो. श्वानाच्या घर्मग्रंथी मुख्यतः पंजांत, म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्या वाटे शरीर निववतो. ज्याचे नाकच चपटे त्याची ही वाट अरुंद. पगचे तेच, शिह त्झूचे तेच. नाशिकची हवा थंड, असे आम्ही मुंबईच्या पाहुण्यांना अजून सांगतो खरे, पण मे महिन्यात पारा चाळिशीला भिडतो हे आम्हांला ठाऊक असते. अशा वेळी त्याला भर दुपारी फिरवायचे नाही, फरशी गार ठेवायची, आणि वीज गेली तर त्याला आधी वारा घालायचा. माझ्या विवाहास छत्तीस वर्षे झाली. एवढ्या अवधीत वीज गेल्यावर मला कोणी वारा घातल्याचे स्मरत नाही.

सोसायटीचे प्रकरण थोडक्यात आटोपते. सचिवांनी "ठराव करून बंदी घालू" असे सूचित केले. त्यावर बहुमतानेसुद्धा सोसायटीला श्वानपालनावर बंदी घालता येत नाही, अशा आशयाच्या पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना मी त्यांना दाखवल्या. त्यांनी त्या दोनदा वाचल्या आणि म्हणाले, "मग जिना तरी घाण करू नका." ही अट कायद्यात नसली तरी न्यायाची होती, आणि ती मी मान्य केली.

उरला आयुर्मानाचा हिशेब, जो बहुतेक लोक करीतच नाहीत. लहान जातीचा कुत्रा सामान्यतः मोठ्या कुत्र्याहून अधिक जगतो. हे पिल्लू चौदा वर्षे जगले असे धरले, तर त्याच्या अंतकाळी माझे वय सत्त्याहत्तर, मातोश्रींचे अठ्ठ्याण्णव, आणि "मी त्याचे सगळे करीन" असे लिहून देणारी अर्जदार तेवीस वर्षांची होऊन बहुधा जर्मनीत असणार. म्हणजे मूळ अर्जदार परागंदा आणि जामीनदार वृद्ध. अशा अटींवर तगाईसुद्धा मंजूर होत नसे.

एवढे सारे झाल्यावर मला जाणवले की, आपण जागा, पैसा, ऊन, जिना या सगळ्यांची मोजणी केली, पण ज्या एका मिळकतीवर या प्राण्याचा संपूर्ण योगक्षेम अवलंबून आहे तिची मोजणी अद्याप झालेलीच नाही. ती मिळकत म्हणजे मांडी. तेव्हा एका दुपारी मी चष्मा पुसून बसलो आणि घरातल्या उपलब्ध मांड्यांचा उतारा तयार केला.

मातोश्री: पूर्वी आलकट-पालकट घालून बसत, तेव्हा मांडी विस्तीर्ण होती आणि आम्ही पाचही भावंडे तीवर वाढलो, गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर खुर्ची, त्यामुळे जमीन उतरती, तीवर काही ठरत नाही. चिरंजीव: घरूनच काम करतात, दिवसाचे नऊ तास बसलेले असतात, म्हणून प्रथमदर्शनी मोठी आशा, पण मांडीवर संगणक, आणि त्या यंत्राच्या इंग्रजी नावातच मांडीवरचा कब्जा नमूद केलेला असल्यामुळे वहिवाट शाबीत. सूनबाई: बँकेतून साडेसातला परत, त्यानंतर नातीचा अभ्यास, मांडी हंगामी, तीही जिरायत. नात: मांडी छोटी, उत्साह मोठा, बैठक सरासरी चार मिनिटे. माझी स्वतःची: निवृत्तीमुळे पूर्ण वेळ उपलब्ध, तथापि उदराने पुढच्या बाजूने केलेले अतिक्रमण गेल्या पाच वर्षांत वाढत गेले असून, मूळ क्षेत्रापैकी आता गुडघ्यालगतची एक अरुंद पट्टी तेवढी मोकळी, आणि तीवरही सकाळी वर्तमानपत्राचा बोजा.

सौभाग्यवतींच्या नावापुढे मी थांबलो. आठवू लागलो की, ही बाई दिवसा बसलेली आपण शेवटची केव्हा पाहिली? "सकाळपासून पाठ टेकलेली नाही" हे वाक्य मी छत्तीस वर्षे ऐकत आलो होतो आणि त्याला एक प्रकारचे पार्श्वसंगीत समजत होतो. ते निवेदन आहे आणि त्याची शहानिशा करता येते, हे त्या दिवशी प्रथम सुचले. शहानिशा केली. निवेदन अक्षरशः खरे निघाले. त्या रकान्यात मी "बसत नाहीत, सबब मांडी अस्तित्वात येत नाही" असे लिहिले, खाली एकूण रिक्त जागा शून्य अशी बेरीज मांडली, आणि सही केली.

प्रकरण इथेच संपायचे. पण मेच्या दुसऱ्या आठवड्यात सहकाऱ्यांना भाचीच्या लग्नासाठी कोल्हापूरला जावे लागले, आणि आठ दिवसांसाठी चिकू आमच्याकडे आला. बरोबर त्याची वाटी, त्याची चटई, दोन कंगवे, डोळ्यांचे औषध आणि सूचनांचे एक टाचण. जावई दिवाळसणाला येतो तेव्हासुद्धा इतके सामान आणि इतक्या अटी नसतात.

पहिल्या दिवशी त्याने साऱ्या घराची पाहणी केली. कोणत्या खोलीत काय आहे यात त्याला रस नव्हता. कोण कोठे बसले आहे, एवढेच तो पाहत होता. मातोश्रींच्या खुर्चीवरून तो दोनदा घसरला. चिरंजीवांच्या मांडीवर चढून त्याने संगणकावर पाय ठेवला, तेव्हा बंगळूर येथील वरिष्ठांनी त्याची विचारपूस केली आणि चिरंजीवांची केली नाही. माझ्याकडे येऊन त्याने माझ्या उदराकडे आणि उरलेल्या पट्टीकडे आळीपाळीने पाहिले, अनुभवी तलाठी वादग्रस्त बांधाकडे पाहतो तसे, आणि एक दीर्घ निःश्वास सोडून तो स्वयंपाकघरात गेला. तेथे सौभाग्यवती ओट्याशी उभ्या होत्या. तो त्यांच्या पावलांवर बसला. त्या सरकल्या, तोही सरकला. त्या फ्रिजपाशी गेल्या, तो गेला. दुपारपर्यंत त्यांच्या प्रत्येक फेरीला चार आखूड पायांची सोबत झाली, आणि तो चपट्या नाकाने असा धापा टाकू लागला की, त्याच्या मालकांच्या टाचणातले "दमवू नये" हे कलम नातीने मोठ्याने वाचून दाखवले.

"अहो, याला थांबवा ना," त्या म्हणाल्या.

"तो तुझ्यामागे फिरतोय. तू थांबलीस की तो थांबेल."

"मी थांबून कसं चालेल?"

या प्रश्नाला आमच्या घरी आजवर कोणी उत्तर दिले नव्हते. त्यांनी ते स्वतःच दिले. जीव दमतोय मुका, म्हणून पदराने हात पुसून त्या बाहेर आल्या आणि दुपारी चार वाजता, भर दिवसा, कोचावर बसल्या. बसताच मांडी अस्तित्वात आली. अस्तित्वात येताच तिचा ताबा घेतला गेला. चिकूने तीन गिरक्या घेतल्या, हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर टेकवली, उंबरठ्यावर मोती टेकवीत असे तशीच, आणि डोळे मिटले. कोणी "हं" म्हटले नाही. चहा कोणी करायचा असा प्रश्न उभा राहिला, कारण त्या उठल्या असत्या तर तो जागा झाला असता. अखेर चहा मी केला. तो पांचट झाला होता, असे सर्वानुमते ठरले.

पुढचे सात दिवस चार वाजता हेच होत राहिले. सकाळी मातोश्री आपली जुनी शिसवी फणी काढून त्याला विंचरीत. तीन मुलींच्या वेण्या घातलेले ते हात या कामाला असे लागले की, मधली पन्नास वर्षे जणू नुसती मध्यंतर होती. त्या त्याला शेवटपर्यंत शेवंतीच म्हणाल्या, आणि तो त्या नावाला ओ देऊ लागला. नातीने "सगळे" केले, म्हणजे चार दिवस केले; पाचव्या दिवसापासून सकाळची फेरी माझ्याकडे आली आणि छत्तीस पायऱ्यांनी माझ्या उदराच्या अतिक्रमणावर किंचित कारवाई सुरू केली. एके रात्री खालून वरात गेली. माणसाला ऐकू येते त्याच्या दुपटीहून अधिक कंपनांचे ध्वनी श्वानाला ऐकू येतात. तो पलंगाखाली थरथरत राहिला, आणि आमच्या नातेवाइकांच्या वरातींत आम्ही लावलेले फटाके मला एकेक करून आठवू लागले. नवव्या दिवशी सहकारी आले, तो त्यांच्या अंगावर उड्या मारत गेला, आणि आमच्याकडे त्याने एकदाही वळून पाहिले नाही. पदावरून बदली झालेला कर्मचारी असाच जातो. मीही तसाच गेलो होतो.

नातीने निकाल मागितला. मी फाइल उघडून शेरा लिहिला: प्राणी आकाराने लहान असल्याने त्याला जागा थोडी लागते, मात्र माणसाचे बसणे पुष्कळ लागते, घरात जागा आहे, बसणे नाही, सबब अर्ज नामंजूर न करता तहकूब ठेवण्यात येत आहे, आणि मांडी रिक्त झाल्यास फेरविचार व्हावा. नातीने तो शेरा वाचून विचारले, "म्हणजे हो की नाही?" चौतीस वर्षांत हा प्रश्न मला प्रत्येक अर्जदाराने विचारला होता, आणि उत्तर देण्याची माझ्यावर कधी पाळी आली नव्हती, कारण ते लोक खिडकीपलीकडे असत आणि ही माझ्या उरलेल्या पट्टीवर बसली होती.

त्या दिवशी दुपारी चार वाजता सौभाग्यवती पदराने हात पुसत बाहेर आल्या, कोचावर बसल्या, आणि आपण का बसलो हे आठवेना म्हणून क्षणभर इकडेतिकडे पाहत राहिल्या. मी काही न बोलता चहा टाकायला उठलो. परत आलो तेव्हा फाइल मिटलेली होती आणि त्या वर्तमानपत्र वाचीत होत्या.

रात्री सहज उतारा काढून पाहिला. एकूण रिक्त जागांच्या बेरजेतले शून्य कोणी तरी खोडले होते आणि त्याच्या जागी एक लिहिले होते. अक्षर ओळखीचे होते, सही नव्हती. सहीविना केलेली खाडाखोड ग्राह्य धरू नये असा स्पष्ट नियम आहे. परंतु ती दुरुस्ती मी अजून रद्दही केलेली नाही, आणि फाइल दप्तरात न टाकता कोचाशेजारच्या तिवईवरच ठेवली आहे.